लोकप्रिय कादंबरीकारांची पुस्तकं रद्दीत जाण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नुकताच लोकप्रिय मराठी कादंबरीकारांवर लेख आला. नाथमाधवांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत सगळ्यांना एका पानात बसवलं होतं. जागेची अडचण मी समजू शकते. पण लेखाचा सूर असा होता की, हे सगळं प्रवासात वाचायचं आणि गाडीतून उतरताना सोडून द्यायचं साहित्य. लिहिणाऱ्यांच्या आयुष्याबद्दल तर त्यात जवळजवळ काहीच नव्हतं. ते मला फार लागलं. नारायण पेठेत आमचं वाचनालय होतं. सासऱ्यांनी सुरू केलं, पुढे यजमानांनी आणि मी चालवलं, आणि सभासद येईनासे झाले तेव्हा बंद केलं. टेबलामागे बसून ज्यांची पुस्तकं आयुष्यभर दिली-घेतली, त्या लेखकांच्या वतीने हे पत्र लिहिते आहे.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. मुंबईत नोकरी, आणि शिकारीचा नाद. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीला आले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. त्या पडून राहण्यात वाचनाची गोडी लागली आणि वाचता वाचता ते लिहिते झाले. ‘वीरधवल’ आली १९१३ साली. त्यातली कारस्थानं, लढाया, साहसं वाचताना मुलं जेवायला उठायची नाहीत, असं सासरे सांगत. ते स्वतःही त्याच मुलांतले. ती कादंबरी लिहिणाऱ्याला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नव्हतं, हे मात्र त्यांना पुष्कळ उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्यांनी ‘वीरधवल’ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. १९२८ साली वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी नाथमाधव गेले. तेवढ्यात त्यांनी शिवकाळावर स्वराज्याची मालिका लिहिली, सामाजिक कादंबऱ्या लिहिल्या. दर रविवारी सिंहगड चढून झुणका-भाकरी आणि दही खाऊन उतरणाऱ्या पुणेकरांपैकी कितीजणांना हे माहीत असेल?

त्यांच्याही आधीचे हरिभाऊ आपटे. आप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तकं घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला जवळचं आनंदाश्रम ठाऊक असतं. हरिभाऊ त्याचे व्यवस्थापक होते. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातून क्रमशः छापली. एका विधवा बाईची कहाणी पुण्यातली घरं आठवड्याच्या आठवड्याला वाट पाहून वाचत होती. हरिभाऊंचं सगळं नीट जपलं गेलं, अभ्यासलं गेलं, आणि ते योग्यच झालं. माझं म्हणणं इतकंच, की तीच वाट पाहणं मी माझ्या टेबलासमोर बाबूराव अर्नाळकरांसाठी, गुरुनाथ नाईकांसाठी, योगिनी जोगळेकरांसाठी पाहिलं आहे. मग त्यांचं काहीच का जपायचं नाही?

चंद्रकांत काकोडकरांची गोष्ट तर पुण्याशी फार जवळून बांधलेली आहे. १९६२ साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘शामा’ ही कथा आली. एक कवी-शिक्षक आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असं तिचं सूत्र. तिच्यावर अश्लीलतेची तक्रार झाली, पुण्यात खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने मात्र तो निकाल फिरवून दोषी धरलं आणि पंचवीस रुपये दंड केला. पंचवीस रुपये भरून कुणीही मोकळा झाला असता. काकोडकर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ऑगस्ट १९६९मध्ये तिथे सुटले. न्यायालयाने कथा सबंध वाचून निकाल दिला. सुट्या वाक्यांवरून न ठरवता पूर्ण कथेवरून ठरवायचं, आणि समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत याचं भान ठेवायचं, अशी ती भूमिका होती. त्यानंतरच्या अश्लीलतेच्या खटल्यांत या निकालाचा आधार घेतला गेला आहे. एका ‘हलक्या’ समजल्या गेलेल्या लेखकाने सगळ्या भारतीय लेखकांसाठी ही लढाई लढली. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा आला आणि तुफान चालला. राजेश खन्नाची गाणी आजही ऐकू येतात. काकोडकरांचं नाव कुणी काढत नाही. आमच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं तपकिरी कागदाचं कव्हर घालून न्यायच्या बायका होत्या. परत करताना कव्हर काढून, नीट घडी घालून पिशवीत ठेवायच्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही, हे देशातल्या सर्वांत मोठ्या कोर्टाने सांगितलं होतं, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली नव्हती.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावं नुसती घेतली तरी साठी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा उजळतो. गुरुनाथ नाईकांचे कॅप्टन दीप आणि गोलंदाज यांच्यावर तर एक पिढीच्या पिढी वाचायला शिकली. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे बसडेपोतले कंडक्टर, प्रेसमधले कंपोझिटर, मंडईतल्या गाळ्यांवरची पोरं सभासद होती. शाळा अर्धवट सुटलेली, आणि ड्यूटी संपवून येताना विचारायची, ‘नाईकांचं नवीन आलं का?’ त्यांतले कित्येक पुढे ‘स्वामी’पर्यंत, ‘मृत्युंजय’पर्यंत आले. सगळे आले नाहीत, आणि नाही आले तरी त्यात वाईट काय? नाईक २०२१च्या नोव्हेंबरात इथे पुण्यातच गेले. इतकं अफाट लिहिणारा माणूस कसा जगला, महिन्याला इतकी पुस्तकं लिहून त्याच्या हाती काय पडत होतं, प्रकाशकांशी व्यवहार कसे ठरत, हा मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास आहे. तो कुणीतरी बसून लिहायला हवा.

बायकांच्या लेखनाबद्दल आपल्या लेखात एकच ओळ होती. योगिनी जोगळेकर पुण्यात शिक्षिका होत्या आणि शास्त्रीय गाण्याच्या साधक होत्या. शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली त्यांनी. कोल्हापूरच्या सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर होत्या. दिवसभर पेशंट तपासून त्या कादंबऱ्या लिहायच्या. त्यांची ‘महाश्वेता’ आमच्याकडे इतक्यांदा बांधून घ्यावी लागली की बाइंडर पुस्तक हातात घेताच हसायचा.

आता सुहास शिरवळकर आणि भयकथा लिहिणारे नारायण धारप. दोघेही पुण्याचे. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ची. कॉलेजच्या कट्ट्यावरची मुलं तिच्या प्रतीसाठी आमच्याकडे नंबर लावायची. त्याआधी दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन या आपल्या नायकांमुळे ते घरोघरी पोचले होतेच. २००३ साली, चोपन्नाव्या वर्षी ते गेले. सिनेमा आला २०१३ साली, आणि ज्यांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं अशी मुलं पुस्तक शोधत आली. हे यश पाहायला तो माणूस नव्हता, हे मला आजही बोचतं. धारपांचंही तेच. ते २००८ साली गेले. ‘तुंबाड’ आला २०१८ साली. धारपांच्या कथेपासून स्फुरलेला हा सिनेमा २०२४ साली पुन्हा लागला तेव्हा माझी नात दोनदा पाहून आली. मी तिच्या हातात ‘समर्थ’च्या कथा ठेवल्या. ती रात्रभर दिवा लावून वाचत बसली आणि सकाळी म्हणाली, ‘आजी, हे माझ्यापासून लपवून का ठेवलंस?’

काहीजण म्हणतील, यातलं बरंचसं इंग्रजीवरून घेतलेलं. आहेच. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या कादंबरीवरून बेतली आहे, ना. सी. फडक्यांची १९१७ची पहिली कादंबरी मेरी कोरेलीवरून. फडक्यांना त्यामुळे कुणी बाजूला सारलं नाही. पुढे ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पद्मभूषण झाले. कुणी काय, कुठून घेतलं आणि त्यात आपलं काय घातलं, हे स्वच्छ नोंदवलं की झालं. मूळ गोष्ट परदेशातली असली तरी ती मराठी वाडा, मराठी घर, मराठी बोलणं यांत बसवणं सोपं नसतं. धारपांना ते जमलं, म्हणून तर लोक अंधारात माडीवर जायला घाबरायचे.

माझी खरी काळजी पुस्तकांची आहे. वाचनालय बंद केलं तेव्हा आमची पुस्तकं एका मोठ्या ग्रंथालयाला देऊ केली. त्यांनी खांडेकर, रणजित देसाई ठेवून घेतले आणि पॉकेट बुकांचे गठ्ठे तसेच परत पाठवले. ‘हे आम्ही ठेवत नाही’ एवढंच उत्तर. पुण्यातली कितीतरी छोटी वाचनालयं गेल्या काही वर्षांत बंद झाली, आणि त्यांची अशीच पुस्तकं किलोवर गेली. आता साकेतसारखे प्रकाशक धारपांच्या नव्या आवृत्त्या काढतात, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण नवी आवृत्ती म्हणजे जुनी प्रत नव्हे. जुन्या प्रतीवर मूळचं मुखपृष्ठ असतं, किंमत असते, मलपृष्ठावर ‘आगामी’ म्हणून पुढच्या पुस्तकांची यादी असते. अनेक पॉकेट बुकांवर तर प्रकाशनवर्षच छापलेलं नाही. अशा पुस्तकाचा काळ ठरवायला ती ‘आगामी’ची यादी आणि आमच्यासारख्यांच्या दाखल नोंदवहीतली तारीख, एवढाच आधार उरतो. बांधणी करताना बाइंडर कव्हर फाडून टाकायचे. आम्ही हट्टाने ते पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यायचो, म्हणून आमच्याकडची टिकली आहेत.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला. संमेलनं होतात, फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथली गर्दी पाहून ऊर भरून येतो. त्याच उत्साहात हेही काम व्हावं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८पासून आहे, साहित्य परिषद १९०६पासून, पुणे मराठी ग्रंथालय १९११पासून. यांपैकी कुणीही एकाने लोकप्रिय कादंबऱ्यांसाठी वेगळा विभाग उघडावा आणि तिथे पॉकेट बुकं मूळ मुखपृष्ठासह ठेवावीत. प्रत्येक लेखकाची सूची पुस्तकं प्रत्यक्ष हातात घेऊन करावी, नुसत्या आकड्यांवर समाधान मानू नये. आणि सर्वांत तातडीचं म्हणजे या लेखकांची मुलं-बाळं, प्रकाशक, मुखपृष्ठं काढणारे चित्रकार, बाइंडर यांच्याशी आत्ताच बोलून ते ध्वनिमुद्रित करावं. आमचा बाइंडर आज ऐंशीच्या पुढे आहे. कुठलं पुस्तक किती वेळा बांधलं, ते त्याला अजून पाठ आहे.

आपल्या पुरवणीनेही एक करावं. दर आठवड्याला यांतल्या एकेका लेखकावर पूर्ण लेख द्यावा, आणि तो लिहिणाऱ्याने किमान त्याची पाच पुस्तकं वाचलेली असावीत.

आमच्या दाखल नोंदवह्या, सभासदांच्या वह्या आणि परत आलेली पॉकेट बुकं माझ्याकडे कपाटात आहेत. वाळवीची औषधं घालते, पावसाळ्यानंतर ऊन दाखवते. जी संस्था ती एकत्र ठेवील, विकणार नाही आणि कुणाही वाचकाला बसून पाहू देईल, तिला मी सगळं विनामूल्य देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक निवृत्त वाचनालयचालिका
नारायण पेठ, पुणे