'उत्साह नाही' हा शेरा मारण्याआधी

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांच्या रोजगार-पुनर्वसनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. प्रशिक्षण मध्येच सोडणाऱ्याच्या फाइलवर आम्ही एक ठरलेला शेरा मारतो, 'उमेदवारात उत्साह नाही', आणि फाइल बंद होते. मीही तो मारला आहे, आणि आज त्याची खंत वाटते.

एक तरुण होता. मशीन दुरुस्त करायचा. अपघातात उजवा हात कोपरापासून गेला. आम्ही त्याला पाकिटं चिकटवायला बसवलं, कारण जागा तिथेच रिकामी होती. तो दाराजवळ बसायचा, खांद्यावरची बॅग दिवसभर उतरवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात वर्गातला पंखा कुरकुरायला लागला. मान वर न करताच तो म्हणाला, "बेअरिंग गेलंय." त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा विचारलं, तुला काय करायचंय? पुढे एका वर्कशॉपमध्ये बिघाड शोधून देण्याचं काम त्याला मिळालं. नटबोल्ट दुसऱ्यानं खोलायचे, आवाज यानं ऐकायचा. आमचा शेरा मात्र तोवर फाइलवर पडला होता.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेमागे तीन गरजा सांगितल्या: स्वतः निवड करता येणं, आपल्याला हे जमतं असं वाटणं आणि माणसांशी नातं असणं. आमच्या पाकिटांच्या वर्गात यातलं काय होतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे.

आधी वर्षभर तयारी, मग जमलं तर नोकरी, हा क्रमही तपासायला हवा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत १९९०च्या दशकात उलटी पद्धत आकाराला आली: माणसाच्या आवडीची खरी नोकरी आधी शोधायची, शिकवणं आणि आधार कामावर असतानाच द्यायचा. अनेक देशांतल्या चाचण्यांत जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीनं जास्त लोक नोकरीला लागले. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क कराराचं कलम २७ तर स्वतः निवडलेल्या किंवा स्वीकारलेल्या कामाचा हक्क मान्य करतं.

आणि भीतीचं काय? पहिला पगार झाला की भत्ता बंद, आणि नोकरी सुटली की पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात, असा नियम असेल तर घरचेच म्हणतात, "नको जाऊस." बाहेरून तो आळस दिसतो.

तेव्हा विनंती अशी, की हा शेरा फॉर्ममधून काढा. त्या जागी 'उमेदवाराला कोणतं काम हवं आहे?' हा प्रश्न घाला आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायला लावा. पगार सुरू झाल्यावर भत्ता टप्प्याटप्प्यानं कमी करा, आणि नोकरी गेली तर तो अर्जाविना परत सुरू होऊ द्या. नोकरी लागल्यावरही समुपदेशकाला त्या माणसाकडे जात राहण्यासाठी वेळ द्या.

पुढच्या आढावा बैठकीला प्रशिक्षण सोडून गेलेल्या पाच जणांना बोलवा. आमचे अहवाल नंतर वाचा, आधी त्यांना बोलू द्या.

आपली,
एक रोजगार समुपदेशक