आजार 24 तास आधी कळवत नाही

महोदय,

मला गेली 11 वर्षे ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. गेल्या महिन्यात तपासणीच्या दिवशी सकाळी बोटे इतकी आखडली होती की दाराची कडीही सरकेना, म्हणून मी आठ वाजता रुग्णालयात फोन करून साडेअकराची वेळ रद्द करण्यास सांगितले; तेव्हा 24 तास आधी न कळवल्यामुळे ऑनलाइन भरलेले हजार रुपये परत मिळणार नाहीत, असे उत्तर मिळाले. या आजारातला सकाळचा ताठरपणा तासभर, कधी त्याहूनही अधिक टिकतो आणि तो कोणत्या दिवशी उसळेल हे डॉक्टरांनाही आदल्या दिवशी सांगता येत नाही. (ओपीडी दीड-दोन तास उशिरा सुरू होते, तेव्हा मात्र रुग्णाला काही परत मिळत नाही.)

डॉक्टरांची वेळ वाया जाऊ नये, हे मान्यच आहे. परंतु या आजारावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध घेणाऱ्याला रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्याच लागतात आणि पैसे बुडण्याच्या धास्तीने वेळच न घेणारे रुग्ण मला प्रतीक्षाकक्षात भेटलेले आहेत. केंद्र सरकारच्या 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार जुन्या रुग्णाला डॉक्टर व्हिडिओ कॉलवर सल्ला देऊ शकतात. मग दीर्घकालीन रुग्णांच्या केसपेपरवर तशी नोंद करून, ऐनवेळी रद्द झालेली भेट त्याच शुल्कात व्हिडिओवर घेण्यास किंवा पुढच्या तारखेला वळती करण्यास रुग्णालयांची हरकत का असावी?

– एक वाचक, पुणे