सूचना : रविवारची बैठक आणि प्रत्येकी एक छोटं काम

सभासदहो,

आपल्या नव्या गटाची दुसरी बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता, मागच्याच जागी आहे. येण्याआधी प्रत्येकाने एकच काम निवडावं, पंधरा-वीस मिनिटांत उरकेल एवढंच. मोठी जबाबदारी अंगावर घेऊन महिनाभरात गायब होण्यापेक्षा (अनुभव आहे!) हे बरं.

- खुर्च्या मांडणं, आवरणं : तिघंजण, ९.४५ला हजर.
- इतिवृत्त लिहिणं : एकजण.
- नव्या माणसाशेजारी बसून ओळख करून घेणं : कितीही जण. दिसायला सोपं, पण नेमकं हेच राहतं. मागच्या वेळी दोघं कोणाशीही न बोलता परतले.

काम शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. जमणार नसेल तर तेही कळवा, कोणी रागावणार नाही.