अठ्ठेचाळीस आकडे

ताई,

स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ते असू द्या, बॅकअप घेतलात का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. सगळ्यांदेखत लिहितोय, कारण त्या रात्री माझी जी गत झाली ती आणखी कुणाचीही होऊ शकते.

लॅपटॉपच्या बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट आला होता, मी तो निमूटपणे टाकला. मशीन रीस्टार्ट झालं आणि निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या ड्राइव्हच्या कुलपाची, रिकव्हरी की (राखीव किल्ली) मागून बसलं. कसली की? ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात आहे, हेच मला माहीत नव्हतं. सकाळी द्यायचं भाषांतर आत अडकलेलं, आणि मी आपला पुन्हा पुन्हा बंद-चालू करतोय. एकत्र काम करणं सुटून आपल्याला पाच वर्षं झाली, तरी रात्री अकराला फोन तुम्हालाच लावला.

"काही पुसू नका, काही रीसेट करू नका. डेटा जागच्या जागी आहे." हे तुमचं पहिलं वाक्य. तोवर माझं बोट रीसेटपर्यंत पोचलंच होतं, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय.

मग तुम्ही विचारलंत, लॅपटॉप नवा असताना पहिल्यांदा कुठल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडला होता? एक जुनं, विसरलेलं खातं होतं. त्याचा पासवर्ड परत मिळवण्यात अर्धा तास गेला. बायकोच्या फोनवर ते उघडलं तर आत तीन किल्ल्या! पडद्यावर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा म्हणालात, दुसरी जुळली. मी उत्साहाने म्हटलं, फोटो काढून पाठवतो. तुम्ही जवळजवळ ओरडलातच. "मला नको! मलाच काय, कुणालाच पाठवू नका. वहिनींना वाचायला सांगा, तुम्ही टाका."

सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पाचव्या गटाला मशीन अडलं. मला वाटलं, कीच चुकीची. तुम्ही म्हणालात, "तेवढाच गट पुन्हा बघा. प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. जात नसेल तर टायपिंग चुकलंय." खरंच, दोन आकडे उलटसुलट पडले होते. (नंतर मी कागदावर आठही गटांना ११ ने भागून पाहिलं. हसू नका.) बाराच्या सुमाराला डेस्कटॉप दिसला.

खरं तर काम तिथेच झालं होतं. पण रविवारी तुम्ही स्वतःहून फोन करून दोन तास दिलेत, आणि आभार जास्त त्या दोन तासांचे आहेत. मशीनमधली टीपीएम ही सुरक्षा-चिप मशीन सुरू होतानाच्या टप्प्यांची मोजमापं नोंदवून ठेवते आणि ती पूर्वीसारखीच असली तरच किल्ली सोडते. बायोस बदलला, मोजमाप बदललं, चिपने हात आखडता घेतला. म्हणजे बिघाड नव्हता, ते नेमून दिलेलं कामच करत होतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मालकाला पत्ता नसतो, आणि किल्ली पडलेली असते अशाच एखाद्या विसरलेल्या खात्यात.

बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचा 'सस्पेंड' पर्याय म्हणजे ड्राइव्ह डिक्रिप्ट करणं (एन्क्रिप्शन काढून टाकणं), असा माझा समज होता. तुम्ही तो काढलात: डेटा एन्क्रिप्टेडच राहतो, फक्त तेवढ्या वेळापुरती किल्ली ड्राइव्हवर उघडी ठेवली जाते. बायोस अपडेटच्या आधी सस्पेंड, नंतर 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' ही आज्ञा टाकून 'प्रोटेक्शन ऑन' दिसेपर्यंत उठायचं नाही. एन्क्रिप्शनची किल्ली १२८ बिटांची की २५६, यावर मी घोळ घालत होतो. "१२८ पुरे," म्हणालात, "बदलायचं तर आख्खा ड्राइव्ह डिक्रिप्ट करून पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागेल, आणि तुमचं घोडं अडलंय ते बिटांवर नाही." त्याऐवजी ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीलाच पिन मागण्याची सोय करून दिलीत, आणि वर बजावलंत की नुसत्या स्लीपमधून उठताना हा पिन विचारला जात नाही, बाहेर नेताना शट डाउन किंवा हायबरनेट. जुन्या एक्स्टर्नल डिस्कला मात्र 'फक्त वापरलेली जागा' हा झटपट पर्याय घेऊ दिला नाहीत. पुसलेल्या फायलींचे अवशेष मोकळ्या दिसणाऱ्या जागेतच असतात, म्हणून पूर्ण डिस्क. रात्रभर चाललं ते.

शेवटी ती मोठ्याने वाचलेली की रद्द करून नवी तयार करायला लावलीत. मी ती खात्यात आणि पेनड्राइव्हवर ठेवली. छापील प्रत तर आधीच काढली होती, म्हणून ती पायरी गाळली आणि तुम्हाला म्हटलं, "झालं सगळं."

आठवड्याने तुमचा फोन. "फाइलमधला कागद काढा. की वाचू नका, फक्त आयडीची पहिली आठ अक्षरं पडद्याशी जुळवा." जुळेनात. फाइलमध्ये मी रद्द झालेल्या किल्लीचा कागद जपून ठेवला होता, वर लाल पेनाने 'अत्यंत महत्त्वाचे' असं लिहून. तुम्ही रागावला नाहीत, फक्त विचारलंत, "प्रिंटर चालू आहे ना?"

नवा कागद फाइलमध्ये आहे, त्यावर तारीख आहे, आणि आठही अक्षरं जुळली आहेत. दुसरी प्रत बहिणीकडे, बंद पाकिटात. आणि हो, बॅकअप कालच घेतला.

आपला,
पाचव्या गटात अडलेला