सोमवारी बांबोळीला जायचं आहे

पुणे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला असता, म्हणून लिहितेय. येत्या सोमवारी बाबांना बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मनाच्या आजारांच्या इस्पितळात, दाखवायचं मी ठरवलं आहे. शनिवारी रात्रीच्या बसने निघते, रविवारी सकाळी फोंड्याला उतरेन. रजा मंजूर झाली आहे आणि पुढे शिगम्यापर्यंत घरून काम करायची परवानगीही मिळाली आहे. तेव्हा माझ्या नोकरीची काळजी तुम्ही करायची नाही.

बाबा, नाव वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. आल्तिन्योवरचं ते जुनं इस्पितळ तुमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून जात नाही, ठाऊक आहे मला. पण तिथे राहायचं नाहीये. ओपीडीत डॉक्टरांशी बोलायचं आणि घरी परत यायचं. तुमच्या डोक्यात काही बिघाड झालाय असं कोणी म्हणत नाही, मी तर कधीच म्हणणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच हे ठरवलं. इको चांगला, इसीजी चांगला, स्टेंट मोकळा, आणि तरी रोज छाती जड होते, तर मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा, असं त्यांनीच सांगितलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचांतल्या एकाला नैराश्याचा आजार होतो. उतारवयात तो रडून दिसतोच असं नाही. गुडघे दुखतात, अन्नावरची वासना उडते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, शर्ट अंगावर लोंबायला लागतो. आणि माणूस असा खचला की चालणं सुटतं, गोळ्या चुकतात, ताणाने नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, मग त्याच हृदयावर पुन्हा भार येतो. त्यामुळे हे वेगळं दुखणं काढून बसलेय असं समजू नका. श्रावणात तुम्हाला आलेल्या हार्ट अटॅकचाच हा राहिलेला भाग आहे.

हे मला चवथीलाच जाणवलं. दरवर्षी गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीसाठी कांगलां, घागऱ्या अशी रानफळं शोधत तुम्ही रानात फिरायचात, कुठलं फळ कुठे बांधायचं यावरून काकांशी वाद घालायचात. यंदा माटोळी बांधून झाली तरी तुम्ही मान वर करून पाहिलं नाहीत. आरतीला पखवाज कोपऱ्यात तसाच होता, गवसणीतून काढलाही नव्हता. लहानपणी भजनाआधी तुम्ही डाव्या पुडीला कणीक लावायचात, अंगठ्याने दाबत दाबत, मध्येच थाप मारून कान देत, आणि उरलेला गोळा माझ्या तळहातावर ठेवायचात. मी त्याची चिमणी करायचे. दर वेळी चिमणीच, आणि दर वेळी तुम्ही तेवढ्याच नवलाने बघायचात. त्या बाबांना मी असंच सोप्यावर भिंतीकडे बघत बसू देईन का?

पणजीत आबे फारियांच्या पुतळ्याजवळ तुम्हीच मला कडेवर घेऊन सांगितलं होतं ना, की कांदोळीला १७५६ साली जन्मलेल्या या आपल्या गोंयकाराने पॅरिसमध्ये जाऊन दाखवून दिलं की ती संमोहनाची झोप कुठल्या अदृश्य द्रवाने येत नाही, झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून येते? मनाचं शरीरावर केवढं चालतं हे मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. तेच मी आज तुम्हाला सांगतेय.

डॉक्टर गोळी देतील, नाहीतर नुसतं बोलायला बोलावतील. दिलीच तर तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, पहिल्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून सोडायची नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते तशी हिची लागत नाही, पण बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हे त्यांना आधी सांगायचं, त्या दोन्हींचा एकमेकींशी संबंध येतो. मी सांगेनच, पण फाइल वर काढून ठेवा.

आणि पर्वरीच्या संगाथ संस्थेने आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक उपचार करून पाहिला, २०१७ मध्ये तो लॅन्सेटमध्ये छापूनही आला. डॉक्टर नसलेले, पण शिकवून तयार केलेले समुपदेशक माणसाशी बोलायचे. सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा धरायची, उमेद येईपर्यंत थांबायचं नाही, हा त्याचा गाभा. बऱ्याच जणांना त्याने बरं वाटलं. म्हणून मी आल्यावर आपण दोघं सकाळी कुळागरात, आपल्या पोफळीच्या बागेत, जाणार. खोरं मी धरेन, पाट कुठून कुठे वळवायचा ते तुम्ही सांगायचं. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत गेलात तरी पुरे. जमलं नाही तर परत येऊ, मी एका शब्दानेही बोलणार नाही.

आई, आता तुझं. रात्र रात्र बाबांच्या उशाशी जागतेस आणि मग साखर का वाढली म्हणून पथ्य आणखी कडक करतेस. भाकरीचा चतकोर कमी करून काय होणार? काळजीने आणि जागरणानेही साखर चढते. शिवाय पायांना मुंग्या येतात म्हणतेस, तर साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, इतकी वर्षं घेतल्याने बी १२ कमी होऊ शकतं. ते कमी असलं की थकवा येतो, उदासही वाटतं. तुझं आणि बाबांचं, दोघांचं बी १२ आणि थायरॉइड तपासून घ्यायचं आहे. पाय चेपून अंगावर काढणं पुरे झालं.

सोमवारी कदंबाच्या बसची धावपळ नको, दादाची गाडी येईल. बाबांना पुढची सीट, पाठीला घरची उशी. निघायच्या आधी उकड्या तांदळाची पेज खायचीच, डब्यात पोई (पाव) आणि थर्मासात बिनसाखरेचा चहा मी घेते. तिथे ओळखीचं कोणी भेटलंच तर बोलायचं काम माझं. मधल्या दिवसांत अगदीच जीव घाबरा झाला तर १४४१६ लावा, टेलि-मानसचा आहे, रात्री-अपरात्रीही फुकट बोलतात. छातीत कळ आली, घाम फुटला तर मात्र मनाचं म्हणून बसून राहायचं नाही, लगेच १०८.

आणि आई, पौषात बायकांच्या धालोंना, रात्रीच्या गाण्या-नाचाला, तू जायचंस. "यंदा नको" हे मला ऐकायचं नाही. त्या रात्री बाबांजवळ मी आहे. रविवारी सोलकढी करून ठेव, तिखट कमी.

तुमची,
बाय