सईस पत्र : किताब, कथक आणि सिकलसेल

चंद्रपूर

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून पत्र लिहायला बसलो आहे. १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनाच्या कार्यक्रमात, तू स्वतः सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची वाहक असल्याचे मंचावरून सांगावेस की नाही, असे तू विचारले आहेस. सौंदर्यस्पर्धेचा किताब मिळालेल्या मुलीने आरोग्याविषयी जरूर बोलावे, पण आजाराचे नाव स्वतःला चिकटवून घेऊ नये, कारण पुढच्या जाहिराती आणि निमंत्रणे त्यावर अवलंबून असतात, असा सल्ला तुला आयोजकांकडून मिळाला आहे. माझे उत्तर आहे, सांग. मात्र ते कसे सांगायचे आणि कोणाला विचारून सांगायचे याविषयी मला बरेच बोलायचे आहे, आणि नोकरीचा सगळा काळ रक्ततपासणीच्या टेबलापाशी गेलेला असल्यामुळे ते बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

तुझ्याआधी या वाटेने गेलेल्या मुली आहेत. व्हर्जिनियाच्या निकोल जॉन्सन हिला कॉलेजात शिकत असताना, १९९३ मध्ये, टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. पुढे तिने १९९९ चा मिस अमेरिका किताब जिंकला, तेव्हा इन्सुलिनचा पंप तिच्या अंगावर होता आणि तिने तो कोणापासून लपवला नाही. तिच्या उदाहरणाने धीर आलेल्या सिएरा सँडिसन हिने २०१४ मध्ये आयडाहो राज्याच्या स्पर्धेत पंप कमरेला उघडपणे लावला, ती स्पर्धा जिंकली, आणि मग पंप वापरणाऱ्या कितीतरी लोकांनी आपापली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली. मधुमेहावरील व्याख्याने त्याआधीही होत होतीच. पण ज्या मुलीकडे सगळे कौतुकाने पाहत आहेत तिच्याच अंगावर ते यंत्र दिसल्याने जे झाले, ते व्याख्यानांनी झाले नव्हते. मिस अमेरिका स्पर्धेने १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाला एक सामाजिक विषय हाती घ्यायला लावला आणि मिस वर्ल्डमध्ये समाजकार्याचा उपक्रम १९७२ पासून आहे, त्यामुळे तुझे आरोग्याचे काम म्हणजे मुकुटावर वरून खोचलेले फूल आहे, असे तुला कोणी सुचवू लागले तर मनावर घेऊ नकोस.

आपल्या बाजूचे उदाहरण रीटा फारिया यांचे आहे. मुंबईत जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातील या मुलीने १९६६ मध्ये लंडनला मिस वर्ल्ड किताब जिंकला, तेव्हा ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होती. वर्षभर तिने किताबाची कामे केली, अमेरिकी विनोदी कलाकार बॉब होप यांच्याबरोबर व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांपुढच्या कार्यक्रमालाही ती गेली, आणि वर्ष संपल्यावर सिनेमा व मॉडेलिंगची बोलावणी नाकारून ती वैद्यकीय शिक्षणाकडे परतली. तुझ्या बी. फार्म.च्या परीक्षा या वर्षात बसवताना तिची आठवण ठेव, एवढेच म्हणतो.

तुझ्या धावपळीबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही आणि आजही करत नाही. दुचाकीच्या शोरूमचे उद्घाटन, उन्हाळी शिबिराचा समारोप, नृत्यस्पर्धेचे परीक्षण आणि त्याच संध्याकाळी कथकचा कार्यक्रम, असे दिवस तू हसतमुखाने पार पाडतेस. मागच्या खेपेला घरी आलीस तेव्हा आई तुझ्या डोक्याला तेल लावत होती. मुकुट घट्ट बसावा म्हणून खोचलेल्या पिनांचे बारीक वण तुझ्या टाळूवर होते आणि घुंगरांच्या पट्ट्यांनी घोटे काळवंडले होते. लोकांना मंचावरची वीस मिनिटे दिसतात, त्यामागची मेहनत आम्हाला दिसते. पण एक गोष्ट मला खटकते. आयोजक तुला आरोग्यावर बोलायला नाचानंतरची शेवटची पाच मिनिटे देतात, आणि तोवर अर्धे लोक जेवणाच्या रांगेकडे वळलेले असतात. तू आधी बोल आणि नंतर नाच. नाच पाहायला लोक थांबतातच. मग त्यांच्या थांबण्याचा उपयोग का करून घेऊ नये?

आता काय बोलायचे ते सांगतो. तू एएस आहेस, म्हणजे एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळालेली वाहक आहेस, रुग्ण नाहीस, हे पहिल्याच वाक्यात आले पाहिजे. ज्याला आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक मिळते तो एसएस, म्हणजे रुग्ण. त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही पेशी १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून रक्त कायम कमी. तुझ्यासारख्या वाहकाला सहसा काहीच होत नाही, म्हणूनच त्याला लग्नापर्यंत आणि कित्येकदा आजारी मूल जन्माला येईपर्यंत पत्ताच लागत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भधारणेत एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. 'प्रत्येक' या शब्दावर जोर दे. चारांपैकी एक मूल आजारी निघणार आणि ते आधीच झाले, तेव्हा पुढची तिन्ही सुखरूप, असा हिशोब करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना दुसऱ्या एसएस बाळाचा अहवाल देणे फार जड जायचे. मी एएस आणि तुझी आई एए, म्हणजे सदोष जनुक मुळीच नसलेली, असल्यामुळे आमच्या घरी आजारी मूल होणे शक्य नव्हते. पण आम्ही काही तपासून लग्न केले नव्हते, हेही लोकांना सांग.

आपल्या विदर्भात या आजारावरून जातीजातींत जी कुजबुज चालते, तिला मंचावर थारा देऊ नकोस. वाहकाला मलेरियाच्या गंभीर प्रकारापासून काही अंशी संरक्षण मिळते, त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले. हे ऐकले की मान खाली घातलेली माणसे वर बघू लागतात, असा माझा अनुभव आहे.

मला सर्वांत जास्त पोटतिडिकीने सांगायचे आहे ते मुलींविषयी. लग्न ठरत आलेल्या घरांतून माझ्या टेबलावर जे नमुने यायचे ते बहुतेक मुलींचे असायचे. मुलाकडची मंडळी मुलीचा अहवाल मागत, आपल्या मुलाचे बोट मात्र सुईपुढे करत नसत, आणि मुलगी एएस निघाली की मुलगा एए आहे की एएस हे न पाहताच स्थळ मोडत असे. मुलगा एए असता तर त्या लग्नातून एकही एसएस मूल झाले नसते. ज्या अहवालाने संसार सावरायचा त्याच अहवालाने मुलीच्या कपाळी डाग लावला जातो, याचा मला आजही संताप येतो. तू किताब मिळवलेली, शिकलेली, नाचणारी धडधाकट मुलगी आहेस; तू उभी राहून "मी एएस आहे, आणि मला सांगून येणाऱ्या मुलानेही आपली तपासणी करून यावे" असे म्हणालीस, तर ते समोर बसलेल्या पन्नास मुलींच्या कामी येईल. तुझ्या एक-दोन जाहिराती गेल्या तर जाऊ देत.

नुसते सांगण्यापेक्षा करून दाखव, अशी माझी सूचना आहे. सोल्युबिलिटी तपासणी मंचावर सहज होते. बोटातून रक्ताचा थेंब काढून तो नळीतल्या द्रावणात मिसळायचा, काही मिनिटे थांबायचे आणि नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदासमोर धरायची. आईच्या नळीतून रेघा स्वच्छ दिसतील. तुझ्या नळीतले द्रावण गढूळ होईल आणि रेघा दिसेनाशा होतील. ही तपासणी एएस आणि एसएस यांतला फरक दाखवत नाही, त्यासाठी पुढे प्रयोगशाळेत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते, हे त्याच वेळी सांगून टाक, नाहीतर गढूळ नळी पाहून घाबरलेली माणसे रडत घरी जातील. आई यायला तयार आहे. मात्र तुम्हा दोघींशिवाय दुसऱ्या कोणाचीही नळी कॅमेऱ्यासमोर धरू द्यायची नाही आणि कोणाचे नाव पुकारायचे नाही. छायाचित्रकार आग्रह करतील, तेव्हा तूच ठाम राहा. किताबाचा मान अशा वेळीच वापरायचा असतो.

एसएस असलेली मुले तुझ्यासमोरच बसलेली असतील, तेव्हा त्यांच्या दुःखाचे हृदयद्रावक वर्णन करून टाळ्या घेऊ नकोस. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात, भरपूर पाणी पिणे, थंडी आणि संसर्ग टाळणे याने फरक पडतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढून घ्यावे, अशा उपयोगाच्या गोष्टी त्यांना सांग. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची जी मोहीम सुरू केली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. कॉलेजातली तुझी मित्रमंडळी त्यातच मोडतात.

आता घरातली गोष्ट. तू एएस असल्याचे जाहीर केलेस की आम्हा दोघांपैकी निदान एक जण वाहक आहे, हेही जाहीर होते. माझी हरकत नाही, आईचीही नाही. पण दादाही एएस आहे आणि त्याच्यासाठी सध्या स्थळे पाहणे चालू आहे. तुझे भाषण ऐकून लोक त्याच्याविषयी विचारणार, हे उघड आहे. तुझ्या सांगण्याला होकार द्यायचा की नकार, हे त्याने ठरवायचे आहे आणि त्याच्या वतीने मी उत्तर देणार नाही. तू त्याला स्वतः फोन कर, सगळे समजावून सांग आणि त्याला दोन दिवस विचार करू दे. तो नको म्हणाला तर यंदा तू मोहिमेविषयी बोल, स्वतःविषयी नको. त्यात कमीपणा काही नाही.

तुझ्या स्वतःच्या तब्येतीविषयीही लिहितो. वाहकाला सहसा त्रास होत नाही हे खरे, पण कडक उन्हात पाणी न पिता अंगाला जास्त ताण दिला तर धोका असतो. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडूंची वाहकासाठी तपासणी करतात ती याच कारणाने. आपल्याकडचा जून म्हणजे पाऊस पडेपर्यंत उन्हाळाच. चेहऱ्यावरचा रंग उतरेल म्हणून पाणी न पिण्याची जी सवय तू लावून घेतली आहेस ती आधी सोड, आणि कथकातले वेगवान तोडे-तुकडे घेण्यापूर्वी विश्रांती मागून घे. डोके गरगरले किंवा पायांत गोळे आले तर नाच तिथेच थांबव, प्रेक्षकांना जे सांगायचे ते आम्ही सांगू.

१९ तारखेला तुला दोन बोलावणी आहेत, असे आईकडून कळले. नागपुरातील दागिन्यांच्या पेढीचे उद्घाटन दुपारी आहे आणि गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याचे शिबिर सकाळी. अंतर पाहता दोन्ही एका दिवशी होणार नाही. पेढीवाल्यांना आजच कळवून दुसरा दिवस माग. नाही जमले तर ते मानधन सोड. १८ च्या रात्री घरी ये, म्हणजे पहाटे आपण तिघेही इथून निघू. शिबिरातल्या तंत्रज्ञांना नळ्या लावायला मी हातभार लावेन. दादाशी बोलणे झाले की मला लगेच कळव. भाषण आधी आणि कथक नंतर, असा क्रम लावण्याविषयी मला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवायचे आहे.

तुझे,
बाबा