झोजिलाचा स्टुअर्ट आणि माझा अडलेला ब्रश

मन्या,

तब्येत ठीक आहे, पाठ मधूनच धरते, ते सोड. आपल्या झोजिलावाल्या स्टुअर्ट टँकचं मॉडेल रंगवून झालं रे! ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी हिरवा, असा पातळ बसलाय की एकेक बारकावा दिसतोय, डेकल्स, म्हणजे खुणांचे स्टिकर, बसली, ग्लॉस वार्निश मारलं, आणि आता वेदरिंगला, म्हणजे तो खरा वापरलेला दिसावा म्हणून मळवायला, बसलो तर ब्रश पुढे जाईना. घरी सांगून काय उपयोग, 'मग थोडा मळव की' म्हणतील.

थोडा म्हणजे किती आणि कुठे, हाच तर घोळ आहे. १ नोव्हेंबर १९४८ ला आपल्या सैन्याच्या ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट झोजिला खिंडीवर चढले, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, मेजर जनरल थिमय्या स्वतः टँकमध्ये, आणि समोरच्यांना इथवर टँक येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, कारण टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, उतरवून, झाकून-पाकून ते गुपचूप खिंडीच्या पायथ्याला बालटालला आणले होते. आता मला सांग, टरेट काढून परत चढवलंय म्हटल्यावर त्याच्या बुडाशी रंग खरवडलेला नको? उचलायच्या कड्यांवर साखळी घासल्याचे चट्टे नकोत? नुसत्या कडा घासून मोकळं व्हायचं तर मग हा कुठलाही स्टुअर्ट झाला, झोजिलाचा कशाला म्हणायचा!

तू म्हणणार, गंज टाक. अजिबात नाही टाकणार. तुझ्या टी-३४ टँकच्या मॉडेलवरून आपलं केवढं वाजलं होतं, तू अख्खा नारिंगी केला होतास आणि शिऱ्याने विचारलं, समुद्रातून काढलास का, तर दोन महिने त्याच्याशी बोलला नव्हतास! अरे, चालत्या टँकचा एक्झॉस्ट गंजतो, बाकी ठिकाणी रंग उडाला की गडद तपकिरीच दिसतं. आणि १/३५ च्या मापात मिलिमीटरभर टवका म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटिमीटर, हे विसरू नको. मी स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपतो, मगच मॉडेलला लावतो, तरी हात जड पडेल की काय अशी धाकधूक आहेच. ट्रॅकला रबराचे ठोकळे आहेत, म्हणजे तुझी लाडकी ग्रॅफाइट पेन्सिल फक्त कडेच्या लोखंडी कनेक्टरवर, बाकी कुठे नाही.

खरी झोप उडवलीय ती बर्फाने. बेकिंग सोडा नको, तो पुढे पिवळा पडतो. चाकांच्या मधे राखाडी, चिखल मिसळलेला ओला बर्फ हवा, पण मागच्या डेकवर, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्यावर? खाली दोन कॅडिलॅक इंजिनं तापलेली, तिथे बर्फ टिकेल कसा, वितळून पाण्याचे ओघळच येणार ना? मी तिथे ऑइल रंगाचे बारीक ठिपके देऊन थिनरच्या ब्रशने खाली ओढायचं म्हणतोय, वर जरासा ग्लॉस. पण पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी पूड, एकदा फिक्सरने बसलं की परत निघणं मुश्किल, आणि ही गाडी मला बिघडवायची नाही. शाळेत असताना झोजिलाची ती गोष्ट आपण दोघांनी किती वेळा घोळवली होती, तुलाच माहितीये.

तुझी बदली झाली का? वहिनींना नमस्कार सांग, पोरीचा रिझल्ट कळव, तू सिगरेट सोडलीस असं दादा म्हणाला, फार बरं वाटलं.

रविवारी वॉशला, म्हणजे खाचांत उतरणाऱ्या पातळ रंगाला, सुरुवात करतोय. त्याआधी फोन कर आणि डेकवर बर्फ की ओघळ एवढं सांग. भांडायचं असेल तर भांडायलाही कर.

तुझाच,
बंड्या

ता.क. टरेट चिकटवलं नाहीये, तू आलास की काढून दाखवीन, आतली रिंगही रंगवलीय.